तपासणीनंतरची वाट



राणीसावरगाव हे गंगाखेड तालुक्याच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात, बालाघाटाच्या रांगेत वसलेले गाव. रेणुकामातेच्या मंदिरामुळे त्याचे नाव पंचक्रोशीबाहेरही ठाऊक आहे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि भोवतालच्या वाड्या-तांड्यांना त्याचाच आधार आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे तालुक्याचे ठिकाण गंगाखेड, संत जनाबाईंचे गोदाकाठचे गाव. तेथे उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथून सुमारे ४० किलोमीटरवर परभणी असून तेथे जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याहून मोठी वैद्यकीय महाविद्यालये नांदेड, लातूर व अंबाजोगाई येथे आहेत आणि कर्करोगाचे स्वतंत्र शासकीय रुग्णालय छत्रपती संभाजीनगर येथे २०१२ पासून कार्यरत आहे.

कागदावर या पायऱ्या एकीखाली एक अशा नीट मांडलेल्या दिसतात. गावातल्या बाईच्या दृष्टीने मात्र प्रत्येक पायरी म्हणजे एक एस.टी., एका दिवसाची बुडालेली मजुरी, सोबतीला येणारे माणूस आणि घरी मागे राहिलेली चूल. आजचा विषय आहे या पायऱ्यांमधल्या अंतराचा. महिलांच्या कर्करोगाची तपासणी गावात होऊ लागली, ही समाधानाची गोष्ट आहे. त्या तपासणीत ज्यांना ‘पुढे दाखवा’ असे सांगितले जाते, त्या महिला पुढे खरोखर पोहोचतात की नाहीत, हा प्रश्न मात्र अजून पुरेशा आग्रहाने विचारला जात नाही.

तपासणीची पद्धत प्रथम पाहू. केंद्र शासनाने २०१६ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार वयाची तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक व्यक्तीची उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचा कर्करोग या पाच रोगांसाठी तपासणी करावयाची आहे. आशा स्वयंसेविका घरोघर जाऊन एक प्रश्नावली भरून घेते. स्तनात गाठ जाणवते काय, पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव होतो काय, संबंधानंतर रक्त जाते काय, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाते काय, असे प्रश्न तीत असतात. त्यानंतर आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष तपासणी होते. गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे सिरक्यात असते तेच आम्ल, कापसाच्या बोळ्याने लावून एक मिनिट थांबतात. पेशींमध्ये बिघाड असेल तर त्या जागी पांढरा डाग उमटतो. या तपासणीला यंत्र लागत नाही, प्रयोगशाळाही लागत नाही. प्रशिक्षित परिचारिका ती करू शकते आणि निष्कर्ष तेथल्या तेथे कळतो.

स्वस्त आणि सुलभ पद्धतीची एक बाजू मात्र लक्षात ठेवावी लागते. पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. साधा दाह असला तरीही डाग दिसतो. याचे प्रमाण किती, हे मराठवाड्यातच मोजले गेले आहे. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ग्रामीण महिलांच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीचा एक विस्तृत अभ्यास सुरू झाला. त्यात या पद्धतीने तपासलेल्या दर शंभर महिलांपैकी चौदा जणींना डाग दिसला. ज्यांना उपचाराची खरी निकड होती अशी, म्हणजे कर्करोगाच्या उंबरठ्यावरची गंभीर पूर्वावस्था शंभरात एकीलाही नव्हती. ते प्रमाण ०.७ टक्के होते. गावातील एक हजार महिला तपासल्या असे धरले, तर एकशे चाळीस जणींना ‘पुढे दाखवा’ असे सांगावे लागेल आणि त्यांत सुमारे सात जणी अशा असतील की ज्यांचा जीव त्या ‘पुढे’वर अवलंबून आहे. त्या सात जणी कोणत्या, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एकशे चाळीसही जणींनी पुढची तपासणी करून घेणे अगत्याचे असते.

पुढची तपासणी म्हणजे कॉल्पोस्कोपी. नाव परके असले तरी काम साधे आहे. प्रकाश आणि भिंग असलेल्या उपकरणातून स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भाशयमुख बारकाईने पाहतो. शंका आली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेऊन तपासणीला पाठवतो. पूर्वावस्था आढळली तर तेवढा भाग अतिशीत किंवा उष्ण उपकरणाने नष्ट करतात, किंवा विजेच्या तारेच्या वेढ्याने काढून टाकतात. बाई बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाते आणि गर्भाशय जागच्या जागी राहते. हाच रोग दहा-पंधरा वर्षे तसाच वाढू दिला, तर पाच-सहा आठवडे घरापासून दूर राहून किरणोपचार घ्यावे लागतात आणि तेवढे करूनही यशाची खात्री देता येत नाही. एका दिवसाची फेरी टाळल्याने पुढे सहा आठवड्यांचा मुक्काम पदरी पडतो, हा हिशेब गावात कोणीतरी समजावून सांगितला पाहिजे.

हिंगोलीतील गोंधळ

‘संशयित’ आणि ‘रुग्ण’ या दोन शब्दांमधला भेद न पाळल्याने काय होते, याचे उदाहरण शेजारच्याच जिल्ह्यात घडले. हिंगोली हा १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होता. २०२५ साली तेथे संजीवनी अभियानाखाली महिलांचे मोठे सर्वेक्षण झाले. मार्च २०२५ मध्ये सार्वजनिक आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी विधान परिषदेत त्याची माहिती दिली. सुमारे २ लाख ९३ हजार महिलांकडून प्रश्नावली भरून घेण्यात आली होती आणि त्यांपैकी साडेचौदा हजारांवर महिलांमध्ये कर्करोगासारखी लक्षणे दिसून आली होती. त्या वेळेपर्यंत निदान निश्चित झालेल्या महिला होत्या बारा: गर्भाशयमुखाच्या तीन, स्तनाची एक आणि तोंडाच्या आठ.

बातम्यांचे मथळे मात्र साडेचौदा हजारांच्या आकड्यावर बेतले गेले. एका जिल्ह्यात चौदा हजार महिलांना कर्करोग झाला, असा समज दूरवर पसरला. ज्या बाईने प्रश्नावलीत ‘अंगावरून पाणी जाते’ एवढेच सांगितले होते, तिच्या घरात त्या रात्री चूल पेटली नसेल तर नवल नाही. वस्तुतः सर्वेक्षणाने आपले काम नीट केले होते. लक्षणे असलेल्यांना वेगळे काढायचे आणि पुढे तपासायचे, हाच त्याचा हेतू होता. त्या बारा निदानांत आठ तोंडाच्या कर्करोगाची होती, याकडे तर फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मिश्री आणि तंबाखू लावण्याची सवय आपल्या भागातील बायकांत किती खोलवर रुजली आहे, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

त्या सर्वेक्षणातील बोध सरपंचांसाठी असा आहे : यादीत नाव आले म्हणजे रोग झाला असे होत नाही; आणि यादीत नाव येऊनही पुढे न गेल्यास यादीचा काही उपयोग होत नाही. पहिल्या चुकीने भीती पसरते. दुसऱ्या चुकीचा मात्र गाजावाजा होत नाही, आणि म्हणूनच ती अधिक घातक ठरते.

बार्शी आणि उस्मानाबादचे कार्य

ग्रामीण भागात कर्करोगाचा पाठपुरावा होऊ शकतो काय, अशी शंका नेहमी काढली जाते. तिला उत्तर मराठवाड्याच्या सीमेवरच मिळाले आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तेथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील खेडी तिच्या कक्षेत होती. शहरातील नोंदणीत रुग्णालयांकडून नावे येतात. खेड्यात रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून नोंद करणाऱ्यालाच त्याच्याकडे जावे लागते. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून लोकांशी बोलणे सुरू केले. कोणती लक्षणे दिसली तर थांबू नये, कोठे जावे, हे ते सांगत. काही वर्षांतच असे दिसून आले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या महिला पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. यासाठी कोणतेही नवे यंत्र आणलेले नव्हते. ओळखीचे माणूस पुन्हा पुन्हा गावात येत होते, इतकेच.

उस्मानाबादचा अभ्यास याच मातीत उभा राहिला. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांचा त्यात सहभाग होता. खेड्यांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी महिलांची नोंद करण्यात आली. त्यांचे चार भाग होते. एका भागात एच.पी.व्ही. या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्यात ॲसेटिक आम्लाची तपासणी, तर चौथ्या भागात नेहमीची व्यवस्था ठेवण्यात आली. आठ वर्षांनी निष्कर्ष हाती आले व ते २००९ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या व्यवस्थेतील सुमारे साडेएकतीस हजार महिलांपैकी ६४ जणी या रोगाने दगावल्या होत्या. विषाणूची चाचणी केलेल्या सुमारे चौतीस हजार महिलांमध्ये ही संख्या ३४ होती. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने आणि तिच्या पाठोपाठच्या उपचाराने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चौथ्या भागातील महिलांना तपासणीपासून दूर ठेवणे नीतीला धरून होते काय, यावर पुढे वाद झाला आणि तो वाद अगदीच अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. त्या महिलांच्या वाट्याला आलेली ‘नेहमीची व्यवस्था’ म्हणजे त्या काळी प्रत्यक्षात काहीच नव्हते. त्या चौसष्ट जणींच्या मृत्यूंची किंमत मोजून हे ज्ञान मिळाले आहे, याचे भान ते वापरणाऱ्यांनी ठेवावयास हवे.

त्याच अभ्यासात केवळ एकदा केलेल्या ॲसेटिक आम्लाच्या तपासणीने मृत्यूंमध्ये लक्षणीय घट झाल्याचे दिसले नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मात्र तीच तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, आणि तेथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच कार्यक्रमात हाताने केलेल्या स्तनतपासणीचा वीस वर्षांचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला; पन्नाशी ओलांडलेल्या महिलांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले होते. त्यामुळे एखाद्या दिवशी मंडप घालून, फीत कापून, छायाचित्रे काढून झालेल्या शिबिराने फार काही साधत नाही. तपासणी ठरावीक काळाने पुन्हा झाली पाहिजे. शासकीय कार्यक्रमात हे अंतर पाच वर्षांचे आहे. शिबिरात सापडलेली प्रत्येक बाई पुढच्या पायरीपर्यंत नेली गेली पाहिजे, हे तर त्याहून महत्त्वाचे. एवढे सारे ज्ञान आपल्याच भूमीत निर्माण झाले असताना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या महिला अवघ्या १.९ टक्के निघाल्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या महिला

गंगाखेड तालुक्याचा डोंगरपट्टा हा ऊसतोड मजुरांचा पट्टा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. उचल घेतलेले जोडपे कोयत्याला बांधले जाते. खाडा झाला तर दंड बसतो, म्हणून बाई दुखणे अंगावर काढते. शेजारच्या बीड जिल्ह्यात याचे परिणाम किती भयंकर झाले, हे २०१९ साली उघडकीस आले. ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या तक्रारींवरून राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ब्याऐंशी हजारांवर महिलांपैकी तेरा हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांत अनेक तरुण होत्या.

या महिलांपैकी कित्येकींची मूळ तक्रार होती ती अंगावरून पांढरे जाण्याची, ओटीपोटात दुखण्याची किंवा पाळीच्या त्रासाची. अशा तक्रारींचे कारण बहुधा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधांनी बरा होतो. परंतु ‘पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल’ हे वाक्य एकदा कानावर पडले की बाईचा धीर सुटतो. कर्ज काढून शस्त्रक्रिया होते. अंडाशयेही काढली गेली, तर विशी-तिशीतच पाळी थांबल्याचे सारे परिणाम सुरू होतात: हाडे ठिसूळ होणे, कंबरदुखी, अंगाची लाहीलाही. मोळी उचलणाऱ्या बाईची हाडे म्हणजेच तिची मिळकत.

कर्करोगाची भीती खरी की खोटी, हे सांगणारी तपासणी जवळ नसली की भीतीचाच व्यापार होतो. त्या वाक्याला उत्तर देण्यास शासकीय रुग्णालयातील कॉल्पोस्कोपीची एक फेरी पुरेशी होती. भिंगातून पाहून डॉक्टरने ‘काही नाही, हे औषध घे’ असे सांगितले असते, किंवा पूर्वावस्था असेल तर तेवढाच भाग काढला असता. म्हणून पाठपुराव्याची सोय जवळ असणे, याचा अर्थ केवळ रोग वेळेवर सापडणे एवढाच नाही. रोग नसलेल्या बाईला विनाकारण चाकूखाली जाण्यापासून वाचवणे, हाही त्याचाच भाग आहे. राणीसावरगाव परिसरात ज्या एकशे तेहतीस जणींना (मघाच्या हिशेबातील एकशे चाळीस वजा सात) गंभीर काही नसणार, त्यांच्यासाठी ही बाजू जास्त मोलाची आहे.

हंगामाचा आणखी एक परिणाम नोंदवहीवर होतो. सप्टेंबरात तपासणी झाली, डाग दिसला, परभणीची तारीख मिळाली नोव्हेंबरातली. तोवर बाई साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या फडावर पोहोचलेली असते. नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘संदर्भित’ असे लिहिलेले असते आणि कागदोपत्री ते खरेही असते.

नोंदवहीतला एक रकाना

‘संदर्भित’ हा शब्द सरकारी दप्तरात फार सोयीचा झाला आहे. चिठ्ठी लिहून दिली की काम झाले, असा त्याचा व्यवहारातला अर्थ उरला आहे. वास्तविक त्याच्यापुढे आणखी तीन गोष्टी यावयास हव्यात: बाई पोहोचली कोणत्या तारखेला, तेथे काय आढळले, आणि पुढे काय करावयाचे आहे. वरच्या रुग्णालयाने हा निष्कर्ष खालच्या केंद्रास कळवला पाहिजे. तो न कळल्यास आरोग्यसेविकेने विचारला पाहिजे आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मासिक बैठकीत किती तपासल्या याच्या आधी किती पोहोचल्या हा आकडा मागितला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या निर्मूलनासाठी जी उद्दिष्टे ठरवली, त्यांत नव्वद टक्के मुलींचे लसीकरण आणि सत्तर टक्के महिलांची तपासणी यांच्या जोडीला दोष आढळलेल्या नव्वद टक्के महिलांवर उपचार, असे तिसरे उद्दिष्ट आहे. आपल्याकडील प्रसिद्धी पहिल्या दोहोंनाच मिळते.

लसीबद्दल शिक्षकांना पालक विचारतात, म्हणून एवढे सांगणे इष्ट होईल. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली सर्व्हावॅक ही देशी लस २०२३ मध्ये उपलब्ध झाली. लस मुलींसाठी आहे. आईच्या तपासणीची जागा ती घेऊ शकत नाही आणि लस घेतलेल्या मुलीलाही मोठेपणी तपासणी करावीच लागते.

आता खर्चाविषयी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत होतात. ती योजना आयुष्मान भारत योजनेशी जोडून राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली करण्यात आली आहे व तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे. कर्करुग्णांना एस.टी. व रेल्वेच्या भाड्यात वेगळी सवलत आहे. गंगाखेडला रेल्वे असल्याने हे माहीत असणे उपयोगाचे आहे.

तरीही गाडी अडते. अडते ती लहान गोष्टींवर. शिधापत्रिकेवर माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे. लग्नानंतर नाव चढवायचे राहिलेले. रुग्णालयात पोहोचल्यावर कळते की तज्ज्ञ अमुक वारीच बसतात. ही दुरुस्ती आजारपणात धावपळ करून होत नाही. ग्रामपंचायतीच्या मदतीने ती आधी होऊ शकते, आणि ग्रामपंचायत अधिकारी व सरपंच यांना त्यासाठी वरच्या कोणत्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही. गंगाखेडला स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात, परभणीत कॉल्पोस्कोपी कोणत्या दिवशी होते, कोणत्या खिडकीवर चिठ्ठी दाखवावी, एवढा मजकूर आरोग्य केंद्राकडून खात्री करून घेऊन दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर लिहिला, तरी कित्येक फेऱ्या वाचतील.

फलकावर लिहू नये अशीही एक गोष्ट आहे. ज्या महिलांना पुढे बोलावले आहे त्यांची नावे फलकावर, ग्रामसभेत किंवा मोबाइलवरील गावाच्या गटात कधीही जाऊ देऊ नयेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू संबंधातून पसरतो, एवढे अर्धवट ज्ञान गावात बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवण्यास पुरते. हा विषाणू इतका सर्वसाधारण आहे की बहुतेक विवाहित स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन आपोआप नाहीसा होतो. परंतु हे समजावून सांगेपर्यंत एखादीचा संसार विस्कटलेला असतो. नाव ठाऊक असावे ते आशा स्वयंसेविकेला, आरोग्यसेविकेला आणि डॉक्टरला. सरपंचांना संख्या पुरे: किती पाठवल्या, किती पोहोचल्या.

जाण्याची सोय पाहताना बाईला सोबत लागते, हे विसरता येत नाही. एकटीने परभणीच्या मोठ्या रुग्णालयात जाऊन खोली शोधणे तिला धास्तीचे वाटते. नवरा मजुरीवर, सासूला गुडघ्याचे दुखणे, मुलगी शाळेत. एकाच दिवशी आठ-दहा जणींना घेऊन आशा स्वयंसेविका किंवा बचत गटातील एखादी जाणती बाई बरोबर गेली, तर भाकरी बांधून घेऊन निघालेल्या त्या बायकांना दवाखान्याची वाट निम्मी होते. वाहनाच्या खर्चासाठी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आणि आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती यांच्यापुढे प्रस्ताव ठेवता येतो. याच्याही पुढची सुधारणा म्हणजे तज्ज्ञ व उपकरण महिन्यातून एकदा गंगाखेडला, आणि शक्य तेव्हा राणीसावरगावच्या केंद्रातच आणणे. कॉल्पोस्कोपीचे सुटसुटीत उपकरण आता पेटीत मावते. जिल्हा परिषदेकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे ही मागणी करताना मोर्चापेक्षा नोंदवहीतला आकडा अधिक बोलतो: अमुक महिन्यांत इतक्या पाठवल्या, त्यांतल्या इतक्याच पोहोचल्या.

शिक्षकांकडे अधिकार नसला तरी विश्वास आहे. अहवालाचा कागद घेऊन बाई अनेकदा मुलाच्या शाळेतच येते आणि ‘गुरुजी, यात काय लिहिलंय?’ म्हणून विचारते. त्या कागदावरच्या इंग्रजी शब्दांना घाबरून ‘मोठ्या डॉक्टरला दाखवा’ एवढे म्हणून तिला परत पाठवणे सोपे असते. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी, कोणती चिठ्ठी घेऊन जायचे, हे तिला मराठीत लिहून देणे तितकेच सोपे आहे. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी, हा समज तर माता-पालक सभेत पाच मिनिटांत दूर करता येईल. सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही.

यंदाचे नवरात्र जवळ येईल तेव्हा रेणुकामातेच्या दर्शनाला वाड्यावस्त्यांवरच्या बायका राणीसावरगावात येतील आणि त्याच सुमारास मुकादम उचलीचे हिशेब मांडू लागतील. टोळ्या निघण्यापूर्वीचा पंधरवडा पाठपुराव्याला सर्वांत योग्य. ज्यांची तपासणी झाली आणि पुढची राहिली, त्यांना आरोग्यसेविकेने त्या दिवसांत भेटावे, शक्य तितक्या जणींना टोळी हलण्याआधीच परभणीस नेऊन आणावे आणि ज्या जाऊ शकणार नाहीत त्यांच्या हाती निष्कर्ष लिहिलेले कार्ड द्यावे, म्हणजे फडाजवळच्या शासकीय दवाखान्यातही ते दाखवता येईल. कार्डाच्या मागे राणीसावरगावच्या आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा. हंगाम संपवून ती परत आली की पुढची तारीख कोणती, हेही त्यावर असावे.